एका गाठीचा डावा, दोन गाठींचा उजवा

माणसाने एकवेळ खोटं बोलावं, आरडाओरडा करावा, ताट सरकवून उठून जावं. पण नुसतं 'बरं' म्हणू नये. आबा चाळीस वर्षं 'बरं' म्हणत आले होते. जेवायला चला, बरं. आज भाजीत मीठ राहिलंय, बरं. आज भाजीच नाही, बरं. भांडणाऱ्या नवऱ्याला चार शब्द सुनावून बाई मोकळी तरी होते. या माणसाशी भांडायचं म्हणजे उशीला गुद्दे मारायचे. दुखतो आपलाच हात, आणि उशी आपली होती तशी गुबगुबीत. हा साधेपणा नसून शुद्ध साळसूदपणा आहे, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे माईंचं म्हणणं होतं. आणि त्या घरात माईंचं म्हणणं शेवटचं असे.

घराच्या पुढच्या खोलीत माईंचा भरतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठी लाकडी चौकट, तिच्याभोवती पाच स्टुलं आणि स्टुलांवर बसून सुया चालवणाऱ्या बायका. चौकट एवढी मोठी की तिच्यावर एक पडदा ताणला की खोलीत फक्त अंग चोरून फिरता येई. माई शाळेत गेल्या होत्या दीड वर्ष. अक्षरांशी त्यांचं फारसं जमलं नाही, म्हणून कारखान्यातल्या सगळ्या खुणा दोऱ्याच्या. पडद्यांची जोडी असली की वरच्या शिवणीत डाव्या पडद्याला एक गाठ आणि उजव्याला दोन. चाळीस वर्षांत यात कधी घोळ झाला नव्हता, आणि होणारही नव्हता.

नक्षी पूर्वी माईच काढत. त्यांच्या हातचे सगळे पक्षी एकाच कुळातले वाटत: पोट भरलेले, समाधानी, कुठे जायची घाई नसलेले. मग सून आली. तिला चित्रकला येत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला पक्ष्यांची आवड होती. लग्न जुळवणाऱ्या एका कार्यालयाने सारसांच्या जोडीचे पडदे सांगितले, तेव्हा ती आठवडाभर रोज पहाटे वही घेऊन तळ्यावर जात होती.

"सारस बघायला तळ्यावर कशाला जायला हवं?" माई म्हणाल्या. "मला विचार की."

"माई, त्याचा पाय मागच्या बाजूला वाकतो. ते नीट बघायचं होतं."

"वाकू दे. पडद्यात त्याला कुठे चालायचंय?"

पण सुनेने काढलेले सारस कापडावर उतरले आणि बायकांच्या सुया हळू चालायला लागल्या. एकेका पिसात तीन तीन करडे रंग. मान अशी, की आत्ता वळेल. पायाशी पाणी, आणि त्या पाण्यात पायांची थरथरती सावली. डाव्या पडद्यात नर उजवीकडे बघणारा, उजव्या पडद्यात मादी डावीकडे बघणारी, आणि दोन्ही पडद्यांच्या बाहेरच्या काठाला लव्हाळी. खिडकीवर लावले की दोघं मधोमध एकमेकांकडे बघणार आणि लव्हाळी दोन्ही बाजूंना भिंतीलगत. माईंनी तोंडाने कौतुक केलं नाही. फक्त शेजारीण आली तेव्हा दाराचा पडदा जरा जास्त उघडा ठेवला.

काम संपलं तेव्हा सून म्हणाली, "दोन्ही पडदे गच्चीवर शेजारी शेजारी पसरून एकदा बघूया का?"

"उन्हात रेशीम विटतं. आणि बघायचं काय त्यात? आजपर्यंत माझ्याकडचा एक टाका परत आलेला नाही."

त्या संध्याकाळी एकेक पडदा पालथा टाकून माईंनी मागचे लोंबते दोरे कापले, आणि कापता कापताच शिवणीत गाठी मारून टाकल्या. दुसऱ्या दिवशी पडदे लावायला आबांना धाडलं.

"गाठी बघा, लावा आणि या. तिथे आपलं डोकं चालवायचं नाही."

"बरं," आबा म्हणाले.

तासाभराने ते परत आले आणि दारातच घुटमळले.

"लावले?"

"लावले."

"सरळ?"

"तू सांगितलंस तसे. फक्त..."

"दारात उभे राहू नका, उजेड अडतो."

"बरं," आबा म्हणाले आणि आत गेले.

चौथ्या दिवशी कार्यालयाच्या संचालिकाबाईंचा फोन आला. त्या चष्म्याला साखळी लावून हिंडणाऱ्या, तोलूनमापून बोलणाऱ्या बाई होत्या. पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला होता.

"माई, तुमच्या पाखरांनी माझ्या धंद्याचं वाटोळं केलं. मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटतात ती खोली आहे ही. सोफ्याच्या मागे तुमचा पडदा. आणि पडद्यात मादीने नराकडे पाठ फिरवलीय. काल एका मुलाची आत्या म्हणाली, इथे पाखरांचंसुद्धा पटत नाही वाटतं."

"आणि नर काय करतोय?"

"नराचं काय? तो बिचारा उभा आहे आपला."

आता नर कुठे बघत उभा आहे, हे विचारायला हवं होतं. पण 'बिचारा' शब्द कानावर पडला आणि माईंचं पुढचं सगळं राहून गेलं. आपल्या घरात एक बिचारा त्या चाळीस वर्षं सांभाळत होत्या.

"तुम्ही स्वतः येऊन बघा एकदा," संचालिकाबाई म्हणाल्या.

"मी गिऱ्हाइकाच्या दारी जात नाही. मादीला पाठवा इकडे."

कार्यालयाचा पिकल्या मिशांचा शिपाई मादीचा पडदा घेऊन आला. माईंनी तो चौकटीवर टाकला. बायका भोवती जमल्या. आबा कोपऱ्यात दोऱ्याच्या लडी गुंडाळत बसले होते.

"हे बघ," माई सुनेला म्हणाल्या. "डावीकडे बघतेय."

"डावीकडेच बघायला हवी, माई. मादी उजव्या पडद्यात आहे. नर तिच्या डाव्या हाताला."

"उजव्या पडद्यात? गाठ बघ. किती आहेत?"

सुनेने शिवण चाचपली. "एक."

"एक म्हणजे डावा. डाव्या पडद्यातल्या पाखराने डावीकडे बघून कसं चालेल? तू छापताना कागद उलटा टाकलास."

नक्षीचा कागद सुईने टोचलेला असतो. तो कापडावर ठेवून वरून खडूची पूड चोळली की भोकांतून नक्षी खाली उतरते. पण टोचलेल्या कागदाला दोन्ही बाजूंनी भोकंच असतात, आणि भोकं साक्ष देत नाहीत.

"कागद सुलटाच होता," सून म्हणाली. "काठ बघा ना माई, लव्हाळी कुठल्या बाजूला आलीत ती. मला वाटतं, गाठच चुकली असेल."

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या. चष्मेवाली म्हणून एक जुनी कारागीर होती, तिने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला, म्हणजे आपण काही बघत नाही हे सगळ्यांना दिसावं.

"गाठ?" माई म्हणाल्या. "माझी गाठ?"

"माणूस आहे, चुकू शकतं."

"माणसं चुकतात, गाठी चुकत नाहीत. अहो, पडदे तुम्ही लावलेत. तुमचं काही चुकलं होतं का तिथे?"

"तू सांगितलंस तसेच लावले," आबा म्हणाले.

"ऐकलंस?" माईंनी सुनेच्या कानामागची पेन्सिल काढली आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचली. "उद्यापासून तू इस्त्री बघ."

सुनेने भांडण केलं नाही. तिने इस्त्री बघितली. चार दिवस मुकाट्याने काठ दाबून झाल्यावर पाचव्या दिवशी, कापडावर पाणी शिंपडता शिंपडता, ती सहज म्हणाली, "त्या पडद्यांच्या मोठ्या दुकानातून निरोप आलाय. नक्षी काढायला माणूस हवंय त्यांना. पहिल्या तारखेपर्यंत कळवायचंय."

"कळव," माई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोटात सुई गेली. चष्मेवालीने ते पाहिलं आणि पुन्हा चष्मा पुसला.

मादी उसवायला तीन दिवस गेले. रेशीम उसवलं की कापडाला भोकं पडतात; ती वाफ देऊन, ब्रश मारून बुजवावी लागतात. तरीही जी राहिली, ती झाकायला पोटाचा घेर वाढवावा लागला. नवी मादी माईंनी स्वतः काढली. ती उजवीकडे बघत होती आणि नुकतीच जेवून उठल्यासारखी दिसत होती.

"माई, मान जरा आखूड झाली का?" चष्मेवालीने विचारलं.

"वळवून बघतेय ती. मान वळवली की आखूड दिसते. तुझी वळवून बघू का?"

आबांनी पडदा नेऊन लावला. आल्यावर ते पुन्हा दारात घुटमळले, पण उजेड अडतोय हे त्यांच्या त्यांनाच आठवलं आणि ते आत गेले.

दोन दिवसांनी फोन वाजला.

"माई, आता दोघंही एकाच बाजूला बघताहेत," संचालिकाबाई म्हणाल्या. "नर पुढे निघालाय आणि मादी त्याच्या मागे लागलीय. तीसुद्धा चांगली खातीपिती. काल एका मुलीची आई म्हणाली, आमची मुलगी कुणाच्या मागे लागलेली नाही. अर्धा चहा टाकून उठली ती."

"नर कशाला पुढे निघालाय?"

"ते मी कसं सांगू?"

"मग दोष नराचाच आहे. पाठवा त्याला."

शेवटी दोष नराचा निघाला याचं माईंना आतून बरंच वाटलं. पहिल्याच दिवशी 'बिचारा' म्हणाली होती नाही का ती बाई. नरही उसवला गेला. नवा नर मादीचा सख्खा भाऊ शोभावा असा झाला. त्याला माईंनी डावीकडे तोंड करून उभा केला.

त्याच्या काठाला इस्त्री करताना सून म्हणाली, "माई, एक सांगू? आता समजा हे पडदे कधी कुणी सरळ लावले..."

"इस्त्री जळेल. खाली बघ."

आबांनी नर नेऊन लावला आणि पाखरं खरोखरच एकमेकांकडे बघायला लागली. संचालिकाबाईंनी फोन करून आभार मानले, पाखरं थोडी बदकांसारखी वाटतात असंही म्हणाल्या, पण तेवढं माईंना ऐकू आलं नाही. दोन आठवडे शांततेत गेले. "गाठ चुकली म्हणत होती," हे वाक्य त्या काळात कारखान्यात दिवसातून दोनदा तरी, कुणाचंही नाव न घेता, हवेत सोडलं जात होतं. सून इस्त्री करत होती. महिना संपत आला होता.

महिनाअखेरीला दुपारी फोन वाजला.

"माई, पुन्हा पाठीला पाठ."

"असं कसं होईल? पाखरं कापडावर भरलेली आहेत. ती काय उठून जागा बदलतात?"

"बदलली आहेत. आत्ता समोर मुलगा-मुलगी येऊन बसलेत आणि दोघंही गप्प आहेत. मी हे पडदे परत पाठवते आणि त्या मोठ्या दुकानातून तयार घेते. आणि कुणी विचारलं तर हे कुणाकडचं काम होतं तेही सांगते."

माईंनी फोन ठेवला. चाळीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं, तेही त्याच मेल्या दुकानासमोर, जिथे उद्या सून निरोप धाडणार होती. त्यांनी चपला घातल्या.

"चला," त्या आबांना म्हणाल्या.

"बरं."

"आणि तूही चल. आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघ," त्या सुनेला म्हणाल्या. सुनेने इस्त्री बंद केली.

कार्यालयाच्या त्या खोलीत सोफ्याच्या एका टोकाला मुलगा होता, दुसऱ्या टोकाला मुलगी, आणि मधे आणखी दोन माणसं बसतील एवढी शांतता. त्यांच्या मागे खिडकीवर दोन गलेलठ्ठ सारस पाठीला पाठ लावून दोन भिंतींकडे बघत होते. जुन्या भांडणातले दोन भाऊ एका फोटोत उभे करावेत तसे.

माईंनी आयुष्यात पहिल्यांदाच ते दोघं एकत्र बघितले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की घरातली माणसं सावध होत.

"पडद्यांना हात कुणी लावला?"

"मी," शिपाई म्हणाला. "धूळ बसली होती म्हणून काल धुतले. आज लावले."

"कसे लावले?"

"सरळ लावले, माई. लव्हाळीचा काठ भिंतीकडे येतो ना, तसे. काठ बाहेर, हे काय कुणी सांगायला लागतं? आधी उलटे होते. पहिल्या दिवसापासून झाडी मधोमध यायची. मी म्हटलं, मोठ्या लोकांची नक्षी असेल."

"पहिल्या दिवसापासून," सून म्हणाली. जोरात नाही म्हणाली. पण ऐकू आलं.

माईंनी स्टूल ओढलं आणि स्वतः वर चढल्या. मुलाने पटकन उठून स्टूल धरलं. माईंनी उजव्या हाताच्या पडद्याची शिवण चाचपली. एक गाठ. डाव्या हाताच्या पडद्याची चाचपली. दोन. मग त्यांनी पडद्याचा काठ मुठीत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या, खोलीकडे पाठ करून. तिसरं पाखरूच म्हणा ना.

ती संध्याकाळ त्यांना दिसत होती. हातात कात्री. चौकटीवर पडदा. लव्हाळीचा काठ डाव्या हाताला दिसला, म्हणून एक गाठ. पण कापड पालथं होतं. पालथ्या कापडाचा डावा काठ सुलटं केलं की उजवा होतो, हे कारखान्यातल्या सगळ्यात नव्या बाईलाही माईंनीच पहिल्या दिवशी शिकवलेलं असे.

"माई, खाली या," संचालिकाबाई म्हणाल्या. "पडाल."

"येते. घाई आहे का कुणाला?"

खाली उतरल्यावर त्यांनी अंबाडा सारखा केला. "हे दोन्ही काढा," त्या शिपायाला म्हणाल्या, "आणि हा तिकडे, तो इकडे करा."

"म्हणजे उलटे लावायचे?"

"उलटे लावायचे."

"म्हणजे उलटे लावले की आता सरळ दिसणार?" संचालिकाबाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांना लावला.

"हो."

"आणि पहिल्याच वेळी सरळ लावले असते तर?"

सोफ्यावरची मुलगी म्हणाली, "तर काहीच करावं लागलं नसतं." मुलगा स्टूल धरल्या धरल्या हसला. त्या दोघांमधला तो पहिला आवाज होता.

पडदे बदलले गेले. दोन्ही सारस समोरासमोर आले, मधे लव्हाळी. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी गप्पा मारत उभे असल्यासारखे. मुलगा सोफ्यावर परत बसला तो मधल्या जागेत, टोकाला नाही.

"चालेल," संचालिकाबाई म्हणाल्या. "पण पहिले सारस काय होते हो, माई. ती बारीक मान, ती पिसं. खरे वाटायचे. त्यांना का उसवलंत?"

माईंनी खिडकीकडे बघितलं, शिपायाकडे बघितलं, सुनेकडे बघायचं टाळलं. मग अंबाड्यातून पेन्सिल काढली. महिनाभरात तिचं टोक बोथट झालं होतं.

"त्या दुकानाला काय कळवलंस?"

"उद्या कळवायचंय."

"आपल्या गच्चीवर दोन पडदे शेजारी शेजारी मावतात का?"

"मावतात."

"मग पुढच्या जोडीपासून तिथे पसरून बघू. पण ऊन उतरल्यावर. रेशीम विटतं."

सुनेने पेन्सिलीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "आणि गाठी?"

माईंनी दीर्घ श्वास घेतला. "गाठी तू मार."

सुनेने पेन्सिल घेतली आणि कानामागे खोचली. "सारस पुन्हा काढते. या बाईंना चालत असेल तर." संचालिकाबाईंना चालत होतं.

एवढं सगळं झालं, आणि मग माईंना खोलीतल्या त्या एका माणसाची आठवण झाली, जो दाराशी भिंतीला टेकून, हातात हात घेऊन, मुकाट उभा होता. त्या सावकाश वळल्या.

"अहो. पहिल्या दिवशी तुम्ही हे लावलेत, तेव्हा तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं," आबा म्हणाले.

"पाठीला पाठ?"

"हो."

"आणि झाडी मधोमध?"

"तीपण."

"दोन पाखरं उसवेपर्यंत तुम्ही कोपऱ्यात लडी गुंडाळत होतात. मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणाली होतीस," आबा म्हणाले, "गाठी बघा, लावा आणि या. तिथे आपलं डोकं चालवायचं नाही."

सोफ्यावरची दोघं, शिपाई, संचालिकाबाई आणि सून, सगळी माईंकडे बघायला लागली. दोन सारस तेवढे एकमेकांकडे बघत राहिले. माई दोन पावलं पुढे आल्या आणि आबांसमोर उभ्या राहिल्या.

"चाळीस वर्षं मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय," त्या म्हणाल्या. "बोलणारीचं चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण निम्मी चूक ऐकणाऱ्याची. तळ्यावरून आणलेले दोन जिवंत सारस मी माझ्या हाताने उसवले, सोन्यासारखी सून दुकानात चालली होती, आणि तुम्ही आपले माझं ऐकत बसलात. आजपासून माझं ऐकायचं बंद. आणि यावर 'बरं' म्हणालात ना, तर गाठ माझ्याशी आहे."